दौलतने फेरो धुतला तो दसरा

"थांबवा! भट्टी मांगं घ्या! ओतू नका, फेरो ओला आहे!"

दौलत, तू असा ओरडलास तेव्हा मी जमिनीपासून ताडमाड उंच, क्रेनच्या केबिनमध्ये बसलो होतो. माझ्या हुकाला लॅडल टांगलेलं, म्हणजे वितळलेलं पोलाद झेलायचं आपलं घराएवढं भांडं. समोर भट्टी कलायला लागलेली. खाली दसऱ्याची पूजा आटोपून लोक नव्या कपड्यांत उभे. त्या सगळ्या गोंगाटातून तुझी हाक अशी वर आली की केबिनची काच थरथरली. ती हाक थेट सेलूपर्यंत गेली असं मी सांगतो, तर लोक हसतात. हसू देत. पुलगावच्या वेशीवर एक बैल त्या हाकेनं जागीच थांबला आणि तो अजून हललेला नाही, हे तर मी त्यांना अजून सांगितलेलंच नाही.

परवा तुला पोचवून आलो. तेव्हापासून घरात बसलो की तीच हाक ऐकू येते. रडू येईल असं वाटतं आणि छाती फुगते. हे दोन्ही एकदम कसं होतं, ते तूच सांगितलं असतंस, काहीतरी फेरोचं उदाहरण देऊन.

ज्यांनी आपला कारखाना फक्त रस्त्यावरून पाहिला, चिमणीचा धूर पाहून नाकाला रुमाल लावला आणि पुढे गेले, त्यांना दोन शब्द सांगू दे. तू मध्ये बोलू नको. तर भट्टीत भंगार वितळतं. पण वितळलेलं ते लोखंड अजून पोलाद झालेलं नसतं. ते माजलेलं असतं. उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगतं, उसळतं, आणि तसंच थंड होऊ दिलं तर आतून अनारशासारखं जाळीदार निघतं. म्हणून भट्टीतून लॅडलमध्ये ओतताना त्यात फेरो टाकायचा. फेरो म्हणजे सिलिकॉन, मँगनीज, क्रोम असली मंडळी, लोखंडाशी आधीच लग्न लावून ठेवलेली. दिसायला दगड, फोडले की आत चंदेरी. सिलिकॉन त्या पोलादाची उसळी बसवतो. मँगनीज त्यातल्या गंधकाला धरून ठेवतो आणि अंगात चिवटपणा आणतो. क्रोम गंजाला दारातूनच परत पाठवतो. आणि हा फेरो लॅडलमध्ये सोडायचा चाप ज्याच्या हातात, तो माणूस म्हणजे तू.

हे सगळं मला तूच शिकवलंस, वर्ध्याच्या स्टेशनासमोर, टपरीवर, पोह्यांची प्लेट हातात धरून.

"हे पोहे पाह्य," तू म्हणालास. "हे तुमचं लोखंड. कोरडं. घशात अटकते. अन् ही तर्री." लालभडक रस्सा पोह्यांवर ओतलास. "हा माहा फेरो. आता खाय."

"अन् माही क्रेन?" मी विचारलं.

"क्रेन म्हंजे चमचा."

मी रागानं तुझी सगळी तर्री माझ्या प्लेटमध्ये ओतून घेतली. तू कोरडे पोहे खात बसलास आणि म्हणालास, "पाह्य, चमच्यानं तर्रीच चोरली." टपरीवाला इतका हसला की त्याची गॅसची शेगडी विझली. हे मात्र खरं आहे. वारा पण होता थोडा.

दौलत, माणसाला आपल्या कामाचा अभिमान असतो, हे मी पुष्कळ पाहिलं. पण कामाच्या अभिमानापायी दुसऱ्याच्या ट्रकखाली शिरणारा माणूस मी एकच पाहिला. कारंजा घाडग्याला तुझ्या साळ्याच्या पोरीचं लग्न होतं. परत येताना हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. मी हात धुऊन येतो तर तू गायब. शोधतो तर एका लांबलचक ट्रकच्या खालून तुझे पाय बाहेर. लग्नातला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तू पाठीवर पडलेला, आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून असा हात फिरवतोस जसं कोणी बैलाच्या पाठीवरून फिरवावं.

तेवढ्यात ड्रायव्हर हातात पाना घेऊन आला. "कौन है बे नीचे? डीजल निकाल रहा क्या?"

"डिझेल नाई भौ, पाटे पाहून राह्यलो," खालून तुझा आवाज. मग त्याला समजावं म्हणून तू तुझ्या त्या हिंदीत शिरलास. "तेरे गाडी का वजन किसने पकडा है, मालूम?"

"किसने?"

"सिलिकॉन-मँगनीज ने! इस पट्टे में वोच है. दबता है, मुडता है, फिर सीधा होता है. और पोलाद में सिलिकॉन-मँगनीज किसने डाला?"

"किसने डाला?"

"मैने!"

ड्रायव्हर पाना बाजूला ठेवून स्वतःही गुडघ्यावर बसला आणि वाकून पाहायला लागला. आपण निघालो तेव्हा ढाब्यावरचे आणखी दोन ड्रायव्हर आपापल्या गाडीखाली पडून पाटे चाचपत होते. माझ्या सांगण्यात ही संख्या जरा वाढत जाते. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा नागपूरपासून अमरावतीपर्यंत अख्खा रस्ता गाड्यांखाली झोपला होता.

येताना मी तुला टोकलं. "काऊन बे, तो पाटा आपल्याच कारखान्यातल्या पोलादाचा होता कशावरून?"

तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "नसन त नसन. तिथंबी कोणी दौलत असनच ना."

तेव्हा मी हसलो होतो. आज ते वाक्य आठवलं की हसू अर्ध्यात थांबतं.

तुझा शत्रू एकच, पाणी. गरम तेलात ओला चमचा पडला तर तेल कसं अंगावर उडतं, ते घरोघरी माहीत आहे. आता तेलाच्या जागी पोलाद धरा आणि कढईच्या जागी लॅडल. ओला फेरो त्यात पडला की आतल्या पाण्याची एका दमात वाफ होते, आणि ती वाफ पोलाद उडवत बाहेर पडते. मग जवळ कोण उभं आहे हे ती विचारत नाही. म्हणून पावसाळाभर तू फेरोच्या शेडजवळ असा फिरायचास जसा जागलीवरचा शेतकरी. एकदा मेल्टिंगचे, म्हणजे भट्टी खात्याचे, साहेब छत्री घेऊन शेडमध्ये शिरले, तर तू दोन्ही हात आडवे केलेस.

"साहेब, तुम्ही अंदर. छत्री भायेर."

"अरे, भिजेल ना ती."

"भिजू द्या. ते छत्रीच आहे."

साहेब निमूट छत्री बाहेर ठेवून आले. ओल्या फेरोसिलिकॉनला लसणासारखा उग्र वास येतो, तो तुझ्या नाकात इतका बसला होता की डब्यात कोणी लसणाची चटणी काढली की तू दचकून वर छताकडे पाहायचास, कुठं गळून राह्यलं म्हणून. रत्नावहिनींनी शेवटी तुझ्या डब्यात चटणी देणंच सोडलं.

असा तू, आणि तूच फेरो धुतलास! दौलत, कारखान्यात कोणी मला हे आधी सांगितलं असतं तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता, आणि मी कशावर विश्वास ठेवतो हे लोकांना ठाऊक आहे.

पण त्यामागंही तुझा अभिमानच. दसऱ्याला भट्टीला हार, मोटरीला हार, वजनकाट्याला हार. माझ्या क्रेनला मी एवढा मोठा हार घातला होता की त्या वर्षी वर्ध्याच्या बाजारात झेंडू मिळेना. तू सगळीकडे फिरून आलास आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलास.

"सगळ्याइले हार. माह्या फेरोले काऊन नाई बे? तो काय सवतीचा आहे?"

म्हणून आदल्या दुपारी तू सिलिको-मँगनीजचा एक ढीग अंगणात काढलास, पाईप लावून त्याची धूळ धुतलीस, ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवलास. काय झळकत होता तो! चांदीच्या दुकानदारानं पाहिला असता तर शटर ओढून घेतलं असतं. मग शेडच्या कोपऱ्यात रचून त्याला हळद-कुंकू वाहिलंस, झेंडूच्या पाकळ्या उधळल्यास. तुझ्या पाळीतल्या सगळ्यांना सांगितलंस, "हा ढीग देवाचा. याले हात लावू नका. भट्टीजवळ नीट तापवून मंगच वापरू." पाळी बदलली. पुढच्या पाळीला ते कोणी सांगितलं नाही. आणि सकाळी त्या पाळीतल्या लोडरवाल्या गजूनं तो ढीग पाहिला, हात जोडले आणि भक्तिभावानं तोच माल उचलून पहिल्या हीटसाठी, म्हणजे भट्टीच्या पहिल्या घाण्यासाठी, तुझ्या चापावरच्या मोठ्या नरसाळ्यात, हॉपरमध्ये भरला. पूजेचा माल आधी जावा, असं त्याला वाटलं. त्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? देवापुढचा नारळ आपण आधी फोडतोच ना.

त्या सकाळी पूजेच्या टेबलावर आणखी एक वस्तू होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. पांढरं हेल्मेट. आपली सगळ्यांची हेल्मेटं पिवळी. पांढरं फोरमनचं. साहेबांनी त्यालाही कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं आणि तुला सर्वांसमोर म्हणाले होते, "दौलत, मुहूर्ताची हीट नीट उतरू दे, मग हे तुझ्या डोक्यावर." रत्नावहिनी बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या, नवी मोरपंखी साडी नेसून. मी वरून पाहत होतो. त्यांनी देवाकडे कमी आणि त्या हेल्मेटकडे जास्त पाहिलं. का पाहू नये? इतकी वर्षं तुझे जळके शर्ट त्यांनीच शिवले होते.

भट्टी कलायला लागली. तुझा हात हॉपरच्या चापावर. आणि तू वाकून आत पाहिलंस. एका चकचकीत ढेकळाला झेंडूची पाकळी चिकटलेली होती. नुसती पडलेली नव्हती, ओल्या कागदासारखी चिकटलेली. तू आत कोपरापर्यंत हात घातलास. वरचा माल कोरडा, पण खाली बारीक चुरा थंडगार, हाताला लागेल असा ओला. आणि मग ती हाक.

भट्टी मागं गेली. मी लॅडल वर ओढून लांब नेलं. साहेब धावत आले.

"ओला? पाऊस तर कधीचा गेला! कोणी ओला केला?"

दौलत, इथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. कारण इथं तुझ्यापुढे किती वाटा होत्या! पाईप फुटला म्हणता आलं असतं. छत गळलं म्हणता आलं असतं. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी तीर्थ जरा सढळ हातानं शिंपडलं, हे तर सगळ्यांनी मानलं असतं, कारण महाराजांनी खरंच सगळ्यांना भिजवलं होतं. आणि काही नाही तर गप्प राहता आलं असतं. माल थांबला होता, माणसं वाचली होती, पुढची चौकशी दसऱ्याच्या जेवणानंतर झाली असती. मी वर बसल्या बसल्या तुझ्यासाठी चांगल्या दमदार थापा तयार करून ठेवल्या होत्या. फक्त खाली टाकायच्या बाकी होत्या.

तू हेल्मेट काढलंस, पिवळं, आणि म्हणालास, "मीच धुतला, साहेब. पूजेसाठी धुतला. भरणीच्या जाग्यावरून हटवाले पाह्यजे होता, नाई हटवला."

एवढंच. ना आवाज कापला, ना मान खाली गेली. "आज भाजीत मीठ मीच जास्त टाकलं" असं कोणी म्हणावं, तसं.

साहेबांचा चेहरा मला वरून दिसला नाही, पण त्यांचे खांदे खाली आले ते दिसलं. मग ते म्हणाले, "कोरडा माल कुठं आहे?"

"मांगच्या गोडावनात. थैल्याइत, बंद."

लोडर तिथं जाईना. वाटेत हार घातलेल्या मोटरसायकली, लेकरं, बायका, प्रसादाची पातेली. भट्टीत पोलाद वाट पाहतंय. तेव्हा तूच म्हणालास, "घमेले काढा!" आणि गोडावनापासून भट्टीपर्यंत माणसांची रांग लागली. नव्या कपड्यांतली. घमेली हातोहात पुढे सरकायला लागली. साहेबसुद्धा रांगेत. रत्नावहिनी रांगेत, त्यांची मोरपंखी साडी बघता बघता काळी झाली. मी एकटाच वर, हात शिवशिवत बसलेला. तिथून ती रांग अशी दिसत होती जशी कोणी रंगीबेरंगी साखळी ओढून कारखाना जागचा हलवतंय. हलला पण, थोडा. मी पाहिला.

मग भट्टी कलली. पोलाद आलं, पिवळंधमक, उसळत, गुरगुरत. तू चाप ओढलास. कोरडा फेरो खणखणत आत गेला. आणि लॅडलमधलं ते माजलेलं पोलाद हळूहळू शांत झालं. वरून त्याचं तोंड मी रोज पाहायचो, पण त्या दिवशीइतकं शांत कधी पाहिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मी भोंगा वाजवला. खूप वेळ वाजवला. साहेबांनी वर पाहून हात केला, तेव्हा थांबवला.

संध्याकाळी साहेबांनी पांढऱ्या हेल्मेटवरचं कुंकू रुमालानं पुसलं आणि ते कपाटात ठेवून दिलं. तुझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. पण कपाट उघडलं नाही. ज्यानं माल धुतला त्याला त्याच दिवशी फोरमन करणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि पुढे ते साहेबच बदलून गेले. फोरमनकी दुसऱ्याकडे गेली. तू पिवळ्या हेल्मेटमध्येच निवृत्त झालास.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, "'फेरो ओला आहे' इतकं बस होतं बे! 'मीच धुतला' हे वरचं काऊन जोडलं?" तू आपला, "तुही क्रेन लय करकरते, तेल टाक तिले," म्हणायचास. नाही तर, "तर्री सांग." मी मग माझीच कारणं रचली. एका वेळी सांगितलं, तुला देवाची भीती वाटली. एका वेळी, तुझ्या आजोबांनी मरताना तुझ्याकडून वचन घेतलं होतं. एका वेळी तर चक्क तुझ्या स्वप्नात सिलिको-मँगनीज येऊन बोललं होतं. लोकांनी सगळी कारणं आवडीनं ऐकली. मलाच एकही पटलं नाही.

पण गंमत ऐक. तू निवृत्त झालास तरी तुझं वाक्य कामावरच राहिलं. आता भट्टीवर कोणाच्या हातून चुकीची कळ दाबली गेली, कोणी भलताच वाल्व उघडला, तर तो लपवत नाही. हात वर करतो आणि ओरडतो, "मीच धुतला!" मग सगळे धावतात, आधी चूक सावरतात, शिव्या नंतर देतात. बाहेरच्या राज्यांतून आलेले नवे पोट्टे पण म्हणतात, "मैने ही धोया, साब!" काय धुतलं, कोणी धुतलं, त्यांना काही माहीत नाही. पण म्हणतात. आणि मोठी चूक होता होता राहते. दौलत, फोरमनचं हेल्मेट माणूस घरी जाताना खुंटीला टांगून जातो. तुझं हे अजून कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर आहेच.

सेवाग्रामला दवाखान्याच्या वार्डात तुला भेटायला आलो, तेव्हा तू बोटानं खाटेवर टिचकी मारलीस. "साधं लोखंड आहे. यात क्रोम नाई. गंजन." मी डब्यात चोरून तर्री आणली होती, ती नर्सबाईनं दारातच वासावरून पकडली. तू म्हणालास, "या बाईले फेरोच्या शेडवर ठेवाले पाह्यजे होतं." आपण दोघं हसलो. मग मी पुन्हा विचारलं. म्हटलं, आता तरी सांग बे, 'मीच' काऊन म्हणला?

तू मान माझ्याकडे वळवलीस. मला वाटलं, आता. तू म्हणालास, "पंखा जरा कमी कर."

मी पंखा कमी केला. तिथंच आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट फुगवून सांगितली. तुझी हाक फुगवली, बैल जोडला, गाड्यांखाली अख्खा हायवे झोपवला. पण तुझं ते एक वाक्य मला कधी फुगवता आलं नाही. करून पाहिलं. तुझ्या तोंडी मोठं भाषण घालून पाहिलं, डोळ्यांत पाणी घालून पाहिलं, विजा कडाडवून पाहिल्या. दर वेळी ते लहानच झालं. तेव्हा मला कळलं की ते आधीच पूर्ण मापाचं आहे. आणि अशा माणसाच्या लॅडलची दोरी माझ्या हातात होती, याचा मला अभिमान वाटतो. चमचा म्हणालास तरी. हे मी तुला पंखा कमी करताना सांगायला हवं होतं.

काल तुझ्या घरी गेलो. अंगणात सतरंजी टाकलेली, माणसं बसलेली. कोणीतरी दसऱ्याची गोष्ट काढली आणि मग मी कुठला थांबतो! सगळी सांगितली, पुलगावच्या बैलासकट. लोक डोळे पुसत पुसत हसले. रत्नावहिनी दाराशी बसून तुझी चादर घडी करत होत्या. मला राहवलं नाही.

"वहिनी," म्हटलं, "मले त त्यानं कधी सांगितलं नाई. तुमच्याजवळ तरी बोलला असन. समोर पांढरं हेल्मेट ठेवलेलं, तुम्ही उभ्या, त्या पाळीत धुताना पाह्यलेलं कोणी नाई. तरी 'मीच धुतला' काऊन म्हणला तो?"

वहिनींनी घडी पूर्ण केली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विचित्र बोललो.

"काऊन म्हंजे?" त्या म्हणाल्या. "धुतला त त्यायनंच होता ना, भाऊजी."